पेठ नाक्यावरून न्यू जर्सी

आष्ट्याहून न्यू जर्सीला जायचं तर पहिला टप्पा पेठ नाका. तिथून पुढचं सोपं, असं आमच्याकडे म्हणतात. सांगली-पेठ रस्त्यावरून ज्याची कंबर वर्षानुवर्षं शाबूत सुटली, त्याला आकाशातले खड्डे काय करणार? त्यातून संक्रांत झाली की उसाचा हंगाम ऐन भरात असतो. साखराळ्याच्या आणि वाळव्याच्या कारखान्यांकडे निघालेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत रस्ता अडवून चाललेले, त्यांच्या टेपवर गाणी, आणि मागे आमची गाडी. गाडीत सून, चार वर्षांची नात, नऊ महिन्यांचा नातू आणि सोबतीला मी. मुलगा रजा संपली म्हणून आधीच परतलेला. पूर्वी बाळंतपणाला आई जायची. आता परतीच्या विमानात सासू जाते. व्हिसावर ह्याला पर्यटन म्हणतात.

लांबच्या प्रवासाला निघालेल्या मुलांची गावाला फार काळजी. आणि आमच्याकडे काळजी म्हणजे डबा. कुणी अनारसे आणून देतं. अनारशांना खसखस असते आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. दुबईमार्गे जाणाऱ्याच्या पिशवीत अनारसे म्हणजे आज्जीच्या मायेपायी नातवंडांवर चौकशीची पाळी. कुणी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या देतं. खोबऱ्यात तेल, तेल पेट घेतं, म्हणून विमानतळावर ते काढून ठेवायला लावतात. राहता राहिलं भडंग. सांगली जिल्ह्यातून भडंग न घेता कुणी सीमोल्लंघन केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण लहान मुलांसाठी न्यायचं तर त्यातले शेंगदाणे आधी वेचून काढावेत. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात दाणा अडकायला क्षण पुरतो, आणि विमानात धावत जाऊन गाठावा असा दवाखाना नसतो. लसूण मात्र ठेवावा. शेजारच्या प्रवाशाशी त्यानं लवकर ओळख होते.

खरी परीक्षा विमानात नव्हे, गाडीतच होते. विमान सहसा लागत नाही, गाडी लागते. कराड मागे पडलं, सातारा गेलं, खंबाटकीचा बोगदा आला. बोगद्यात ओरडायचं असतं हे नातीला कुणी शिकवलं नव्हतं. बोगदा बघून मुलांना ते आपोआप येतं. ओरडून झालं आणि सकाळी प्रेमानं भरवलेलं सगळं बाहेर आलं. लोक मुलांचे जादा कपडे हाताशी ठेवतात. जादा कपडा आईचाही ठेवावा लागतो. पोर ओकतं ते स्वतःच्या अंगावर नव्हे, आईच्या. निघताना दहीभाताचे चार घास, मग थोडं थोडं पाणी, खिडकीतून लांब बघायला लावणं आणि पिशवीत दोन मोकळ्या प्लास्टिकच्या पिशव्या एवढं पुरतं. आग्रह घरी ठेवून निघावं.

विमान उडालं की आपण फार उंच गेलो असं वाटतं, पण आतली हवा यंत्रानं दाबून राखलेली असते. शरीराला ती सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेसारखी वाटते. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे साधारण ५४०० फूट. तेव्हा अंगावरचं पिणारं बाळही महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराच्या वर जाऊन बसलेलं असतं, तेही दुपट्यात. ती हवा कोरडी. आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली. ओठ सुकतात, नाक चोंदतं, पोर किरकिरं होतं आणि आपण म्हणतो दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या आधी पाणी पाजून बघावं.

विमान उतरायला लागलं की मुलं कळवळून रडतात, त्याचं कारण कान. बाहेरचा दाब वाढत जातो आणि कानातून घशाकडे जाणारी नळी लहानपणी अरुंद आणि आडवी असते, ती चटकन उघडत नाही. गिळलं की उघडते. म्हणून उतरताना बाळाला पाजावं, मोठ्या मुलाला चोखायला गोळी द्यावी, तीही त्याच्या वयाला झेपेल अशी. ह्यात एक अडचण संस्कारांची आहे. झोपलेलं पोर उठवू नये, हे आम्ही आमच्या आयांकडून शिकलो. पण झोपेत माणूस कमी गिळतो. तेव्हा विमान खाली येऊ लागलं की गाढ झोपलेलं लेकरू हलवून जागं करायचं. सुनेनं तसं केलं तेव्हा माझा हात आडवा गेला होता. मधल्या थांब्याला, दोहाला, विमान टेकलं तेव्हा मागच्या रांगेतली दोन बाळं टाहो फोडत होती आणि आमचा नातू पीत होता. मी हात मागे घेतला.

झोप आणण्याचा दुसरा एक रस्ता लोक सुचवतात: सर्दीचं औषध चमचाभर. आमच्याकडे हे इतक्या सहज सांगतात की जणू ते औषध सर्दीवर चुकूनच चालतं. डॉक्टर त्याला साफ नाही म्हणतात. लहान जिवाला ते धोक्याचं, आणि काही मुलं त्यानं झोपायच्या ऐवजी दुप्पट चेकाळतात. चौदा तास चेकाळलेलं मूल ही कल्पना करून बघावी आणि बाटली कपाटात ठेवून द्यावी. तापाचं औषध मात्र बरोबर हवं, डॉक्टरांना मुलाचं वजन सांगून, मात्रा लिहून घेऊन.

मधला थांबा मोठ्यांना फुकट गेलेला वेळ वाटतो. तिकीट काढताना आपण तो कमीत कमी बघतो. मग दीड तासात एक पोर कडेवर, एक हाताला धरून, सामान ओढत ह्या टोकाकडून त्या टोकाला धावायचं, आणि पुढच्या विमानात शिरल्यावर म्हणायचं की मुलं फार त्रास देतात. आषाढात माउलींची पालखी सातारा जिल्ह्यातून जाते तेव्हा चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण होतं. हजारो माणसं पंढरीला निघालेली. तरी वाटेत थांबतात, अश्व धावतो, मग फुगड्या, हुतूतू, उड्या. पंढरपूर त्यानं लांबत नाही. उलट त्या खेळाच्या जोरावर पुढची वाट चालवते. दोहाचा थांबा मी ह्याच हिशेबात धरला. तिथं विमानतळाच्या मध्यावर एक अवाढव्य पिवळं अस्वल बसलेलं आहे, डोक्यात दिवा घुसलेलं. कलावंताला त्यातून काय म्हणायचं होतं ते असो. नातीनं त्याला प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली. एक जपानी मुलगा तिच्या मागे लागला, मग आणखी कुणी. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती. त्याचे आईवडील आणि मी एकमेकांकडे बघून दम लागेपर्यंत हसलो. तीन-चार तासांचा थांबा मुलांना असाच हवा: पळायला जागा, हातपाय धुणं, कपडे बदलणं, गरम काहीतरी पोटात. त्याहून लांबला तर मोठी माणसं रडायला लागतात.

तेव्हा लक्षात आलं की मूल मुळात कुठंच ‘जात’ नसतं. ते जिथं असतं तिथं असतं. न्यू जर्सी, पोचणं, अजून किती तास, हे सगळे आपले उद्योग. पेठ रस्त्यावर उसाच्या मोळ्यांवर बसलेली, बीडकडून आईबापांबरोबर आलेली पोरं आमच्या नातीला हात करत होती. त्यांचा प्रवास तर दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि हंगाम संपेपर्यंत चालतो; झोपडी हाच त्यांचा थांबा, शाळा मिळाली तर मिळाली. ती पोरंही हसत होती. मुलं आनंदात राहतात ह्यात मोठ्यांचं कर्तृत्व फार नसतं. त्यांची तब्येत राखणं मात्र आपल्याकडे लागतं, आणि त्यासाठी पैसा, पाणी, स्वच्छता आणि थोडी सवड लागते. आमच्याकडे ती होती.

पुढचे चौदा तास टिकल्यांच्या पाकिटांनी तारले. तासाला एक पाकीट. आधी नातीच्या कपाळावर, मग माझ्या, मग खुर्चीच्या पाठीवर. नातवाच्या हाती मात्र एकही लागू द्यायची नाही, कारण त्याचं सगळं ज्ञान तोंडावाटे होतं. त्याला पुढच्या भिंतीला अडकवलेला पाळणा मिळाला होता. पण विमान हादरलं, पट्ट्याचा दिवा लागला की पाळण्यातलं बाळ उचलून मांडीवर घ्यावं लागतं. तो झोपायचा आणि दिवा लागायचा, इतक्या शिस्तीनं की वैमानिकाला पाळणा दिसत असावा अशी मला शंका होती.

आनंदीबाई जोशी १८८३ साली एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. हाल पुष्कळ झाले असतील, पण शरीर जहाजाबरोबर सावकाश पोचलं. आपण दिवसात पोचतो आणि शरीर मागे राहतं. हिवाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकतं, आणि परत पूर्वेकडे येताना ते आणखी कुरकुरतं. दिवसा उजेडात फिरवावं, जेवणं तिथल्या वेळेला द्यावीत, दुपारची झोप फार लांबू देऊ नये, हे खरं. पण रात्री दोन वाजता भूक लागलेल्या मुलाला ‘आत्ता रात्र आहे’ हे सांगणं म्हणजे त्याच्या पोटाशी वाद घालणं.

न्यू जर्सीत नात आणि मी रात्री दोनला एकदमच उठायचो. आष्ट्यात तेव्हा दुपारचे साडेबारा. आजोबा ताट घेऊन बसायच्या बेतात. फोन लावला, दिवा बारीक केला, दहीभात कालवला आणि तिघं जेवलो. सून डोळे चोळत आली.

“आई, हे काय चाललंय?”

“जेवण.”

“ह्या वेळेला?”

“वेळेवरच आहे,” आजोबा आष्ट्याहून म्हणाले.

नात थोड्याच दिवसांत रात्रभर झोपायला लागली. मी अजून दोनला उठते. पण मला सकाळी शाळा नाही आणि आजोबांना एकट्यानं जेवायची सवय नाही.