बुलढाण्यात बोटीची रीड बदलणे: नवशिक्यांसाठी

आधी बोट मिळवा. बुलढाणा जिल्ह्यात निम्मं काम इथंच अडतं. लोणारचं सरोवर अभयारण्यात येतं, २०२० पासून रामसर यादीतही आहे. तिथं बोट घालायला गेलात तर बोटीआधी तुम्हीच जमा व्हाल. खडकपूर्णेच्या जलाशयात रेती उपसणाऱ्या बोटींपासून चार हात लांब राहा. महसूलवाले त्या जिलेटीन लावून उडवतात, आणि डिझेल इंजिनात आपल्या कामाची रीड नसतेच. कोळ्याची होडी वल्ह्यावर चालते. वल्ह्यालाही रीड नसते. उरली पुरासाठी ठेवलेली रबरी बोट. ती गोदामात असते आणि चावीवाले साहेब मीटिंगला गेलेले असतात.

तोवर हात बसवायला आरएक्स १०० घ्या. १९८५ साली आलेली ही यामाहा १९९६ ला बंद झाली, पण चिखली-मेहकरकडच्या पोरांना हे अजून कुणी कळवलेलं नाही. टू-स्ट्रोक बोटीच्या मोटरीत जी रीड, तीच हिच्यातही: कार्बोरेटर आणि क्रँककेस यांच्या मधे बसवलेली पातळ पाती. पिस्टन वर गेला की ओढीनं ती उघडतात, पेट्रोल-हवा आत येते. पिस्टन खाली आला की दाबानं मिटतात आणि आत घेतलेलं परत देत नाहीत. उसने पैसे नेणाऱ्या पाहुण्याचा खिसा असाच चालतो.

पातं झिजलं, तडकलं किंवा वाकून फट राहिली की कार्बोरेटर उलटं पेट्रोल थुंकतं, आयडलिंग टिकत नाही, किका मारून पोटरी भरून येते. अशा वेळी पाना काढा. पाना दिसताच चार माणसं जमतील. "काय झालं बावा?" "पलग साफ कर ना!" "मी सांगतो तुले, कार्बोरेटरच गेलं असन." सगळ्यांना चहा पाजा, हात त्यातच गुंतलेले बरे.

कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड काढून रीडचा ब्लॉक उजेडाकडे धरा. पातं आणि बैठक यांच्यातून उजेडाची ठळक रेघ दिसली, की पातं गेलं. टोकाचा तुकडा उडालेला असेल तर किकला हात लावू नका, पायही नको. तो तुकडा बहुतेक आत गेलेला असतो, आणि पोलादी असला तर पिस्टन-सिलिंडरवर ओरखडे काढतो. आधी तो शोधा.

जुनं पातं उलटं करून बसवायचा सल्ला मिळेलच. ऐका, मान डोलवा, करू नका. वळण पडलेलं पातं उलटं बसवलं की लवकर मोडतं. पात्यावरच्या स्टॉपरला पक्कडीनं 'जरासं' वाकवू नका, पातं किती उघडावं हे तोच ठरवतो. स्क्रूच्या आट्यांना लॉक लावा. सुटलेला स्क्रू खाली पडत नाही, इंजिनात जातो.

आणि गॅसकेट नवं घ्या. लग्नपत्रिका कापून केलेलं गॅसकेट ही आपली परंपरा असली, तरी तिथून बाहेरची हवा आत आली की मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. पत्रिका कितीही जाड कागदाची असो.

एवढं जमलं तर बोटीच्या मोटरीला भ्यायचं कारण नाही. तिथं सिलिंडर जास्त, म्हणून पातीही जास्त. बाकी काम तेच. फक्त मोटर फोर-स्ट्रोक नाही ना ते आधी पाहा, नाहीतर दिवसभर नसलेली रीड शोधत बसाल.

जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पूर आला होता. म्हणून गोदामाची चावी ज्यांच्याकडे आहे त्यांना एक विनंती: मृगाच्या आधी बोटीची मोटर एकदा पाण्याच्या टाकीत उभी करून चालवून बघा. कोरडी चालवू नका, पाणी खेचणारा पंखा जळतो. उलटं थुंकली तर रीड तेव्हाच बदला. पुरात पाना पाण्यात पडतो.