एक किलोमीटरची अट लिहिणाऱ्या साहेबांना

महोदय,

सरकारी कागदावर सही एकाची असते आणि शब्द भलत्याचेच असतात. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने काढलेल्या अधिसूचनेतले शब्द ज्यांचे, त्यांना हे पत्र आहे. तुम्ही मंत्रालयात आहात की आयुक्त कार्यालयात, अजून नोकरीत आहात की निवृत्त झालात, मला माहीत नाही. पण तुमचं काम मी जवळून पाहिलं आहे.

तुम्ही लिहिलंत की, ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिथे शिक्षण हक्क कायद्याने गरिबांच्या मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागा लागू होणार नाहीत. वाक्य छोटं आहे. आता पुण्यात, ठाण्यात, नाशकात किंवा नागपुरात अशी एक नावाजलेली शाळा दाखवा, जिच्या किलोमीटरभरात पालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही. शोधून सापडणार नाही, हे तुम्हाला लिहितानाच ठाऊक होतं. संसदेच्या कायद्याला हात न लावता तो शहरातून हद्दपार कसा करायचा, हे तुम्हाला नेमकं कळलं होतं. आणि हा शोधही तुमचा नव्हे. कर्नाटकाने २०१९ मध्ये हेच केलं होतं. तुम्ही फक्त उतरवून घेतलंत.

मुळात तो किलोमीटर आला कुठून, हे तुम्हाला आठवतं का? २००९ च्या कायद्यानंतर आपल्या राज्याने नियम केले, त्यात पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं ठरलं. सहा वर्षांच्या मुलीला चालत जाता यावं, पावसाळ्यात ओढा ओलांडावा लागू नये, म्हणून ते अंतर होतं. शाळेने मुलाकडे यावं यासाठी मोजलेला किलोमीटर तुम्ही मुलाला शाळेबाहेर ठेवण्यासाठी वापरलात. याला मी लबाडी म्हणतो. दुसरा सौम्य शब्द मला वापरायचा नाही.

तुमच्या अधिसूचनेच्या चारच महिने आधी, २०२३ च्या सप्टेंबरात, तुमच्याच विभागाला हा किलोमीटर नकोसा झाला होता. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांचं ‘समूह शाळे’त एकत्रीकरण करा, पानशेत आणि तोरणमाळचा नमुना पाहा, मुलांना बसने आणा, असे प्रस्ताव तेव्हा मागवले जात होते. सह्याद्रीतल्या किंवा सातपुड्यातल्या पाड्यावरच्या मुलाने दूरची शाळा गाठावी, ते चालतं. शहरातल्या झोपडपट्टीतल्या मुलाने मात्र रस्ता ओलांडून समोरच्या मोठ्या शाळेत जाऊ नये. अंतर तुम्ही कोणासाठी वाढवता आणि कोणासाठी कमी करता, ते या दोन कागदांवरून कळतं.

तुमच्या बाजूचा युक्तिवाद मला माहीत आहे. सरकारी आणि अनुदानित शाळा ओस पडत आहेत, गरिबांची मुलंही खासगीत गेली तर या शाळा चालणार कशा? महोदय, राज्यात शाळेत जाणारी मुलं दोन कोटींच्या वर आहेत. राखीव जागा दरवर्षी साधारण लाखभर असतात, त्याही फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गात. सरकारी शाळांतला पट त्या लाखभर मुलांनी नाही रिकामा केला. तो तुम्ही-आम्ही केला. नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, प्राध्यापक, पत्रकार आणि मोठ्या संख्येने सरकारी अधिकारी आपापली मुलं घेऊन निघून गेले, फी भरून गेले. त्यांच्यासाठी तुम्ही एकही अधिसूचना काढली नाही. जे फी भरू शकत नाहीत, तेवढ्यांनाच शाळा जगवायची जबाबदारी दिलीत.

बरं, दिलीत तर दिलीत. ती शाळा त्यांच्या मुलांसाठी नीट ठेवलीत का? ९ फेब्रुवारीला तुम्ही सांगितलंत की घराजवळच्या शाळेत जा. १५ मार्चला त्याच विभागाचा संचमान्यतेचा, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणारा, शासन निर्णय आला. सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली असेल तर त्या वर्गांना शिक्षकच मंजूर नाही! पाच आठवड्यांत हे दोन कागद निघाले. एकाने मुलाला त्या शाळेकडे ढकललं, दुसऱ्याने तिथला शिक्षक काढून घेतला. दोन्ही फाइली कधी एकाच टेबलावर उघडल्या असतील, तर ज्याने त्या पाहिल्या त्याला त्या रात्री झोप कशी लागली, हे मला खरंच विचारायचं आहे.

मोठ्या शाळेत आणि वस्तीतल्या शाळेत फरक काय, असं विचारलं की लोक आधी इमारत दाखवतात, पोहण्याचा तलाव दाखवतात, डिजिटल फळे दाखवतात. ते दुय्यम आहे. खरा फरक मास्तरांच्या वेळेत आहे. मोठ्या शाळेत गणिताच्या बाई गणित शिकवतात. त्यांच्या वर्गाला खेळाचा वेगळा शिक्षक, चित्रकलेचा वेगळा, ग्रंथपाल वेगळा, कार्यालयात लिपिक वेगळा. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत दोन गुरुजी चार वर्ग सांभाळतात. एका खोलीत पहिली आणि दुसरी एकत्र, मुलं समोरासमोरच्या दोन भिंतींकडे तोंड करून बसलेली. त्यातला एक गुरुजी मतदारयादीच्या कामाला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. तांदळाचा हिशोब, आधारची जुळणी, यू-डायसची माहिती, केंद्रप्रमुखांना दुपारपर्यंत हवा असलेला तक्ता, हे सगळं त्यानेच करायचं आणि उरलेल्या वेळात मुलांना वाचायला शिकवायचं. त्यातही तो शिकवतो. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार घेऊन आले, जालिंदरनगरच्या शाळेने दत्तात्रय वारे यांच्या पुढाकाराने २०२५ मध्ये जगात नाव काढलं. या शाळांना काही जमत नाही असं म्हणण्याची सोय त्यांनी तुम्हाला ठेवलेली नाही.

दुसरा फरक असा की मोठ्या शाळेत पालकाचा आवाज चालतो. तिथे पंखा बंद पडला तर सकाळी व्हॉट्सॲपच्या गटावर गदारोळ होतो आणि दुपारी पंखा फिरतो. वस्तीतल्या शाळेत २०२४ च्या पावसाळ्यात मुलं नव्या गणवेशाची वाट पाहत बसली. ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीकडून काम काढून घेतलंत आणि वरून कापड पाठवलंत. कुठे गणवेश उशिरा आले, कुठे कोणाच्याच अंगाला बसेनात. डिसेंबरात निर्णय मागे घेतलात. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२५ मध्ये, पोषण आहारातल्या अंड्याचा निधी बंद केलात आणि अंडी हवी असतील तर लोकवर्गणी काढा म्हणालात. ही मुलं वकिलांची आणि आमदारांची असती, तर ते अंडं ताटातून उचलायची तुमची छाती झाली नसती.

पंचवीस टक्क्यांची तरतूद मला म्हणूनच मोलाची वाटते. बंगल्यातलं मूल आणि चाळीतलं मूल पहिलीपासून एका बाकावर बसलं, तर शाळेत काय कमी आहे हे बोलणारे आणि सोसणारे निदान काही वर्गांत तरी एकत्र येतात. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये परिसरशाळेची कल्पना मांडली, ती हीच होती: एका परिसरातली सगळी मुलं, सगळ्या थरांतली, एकाच शाळेत. ते आपण केलं नाही. त्याचा हा उरलेला चतकोर तुकडा होता, आणि १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला होता.

तुमच्या विभागाच्या भाषणांत शाहू महाराजांचं नाव नेहमी येतं. मग हेही लक्षात असू द्या. १९१७ मध्ये त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. तुमची वेगळी शाळा जवळच आहे, तिथे जा, असं सांगणं त्यांना सहज शक्य होतं. सोयीचंही होतं. त्यांनी ते नाकारलं. शंभराहून अधिक वर्षांनी तुम्ही नेमकं तेच वाक्य लिहून काढलंत.

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी आमच्या भागातल्या शिक्षण हक्क (आरटीई) प्रवेशाच्या मदतकेंद्रावर पालकांचे अर्ज भरून देत होतो. धुणीभांडी करणाऱ्या एक बाई उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार, जन्मदाखला असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आल्या. नकाशावर घराची जागा टाकली आणि यादी उघडली. पालिकेची शाळा, पलीकडच्या गल्लीतली पालिकेची दुसरी शाळा आणि एक अनुदानित. राज्यभरात शाळांची यादी तेव्हा सत्तर हजारांच्या पुढे गेली होती, कारण सरकारी शाळाही तीत भरल्या होत्या. बाईंनी एका शाळेचं नाव घेऊन ती कुठे आहे असं विचारलं. त्या ज्या तीन घरांत काम करतात, त्या तिन्ही घरांतली मुलं तिथे जातात. मी म्हटलं, यंदा ती यादीत नाही. त्यांनी कागद परत पिशवीत भरले. पालिकेच्या शाळेत घालायला अर्ज कशाला लागतो, एवढंच म्हणाल्या. तसेच हजारो पालक परत गेले. आधीच्या वर्षी साडेतीन लाखांहून जास्त अर्ज आले होते. तुमच्या नियमाखाली लाखही आले नाहीत.

६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तुमच्या अटीला स्थगिती दिली. अर्ज पुन्हा मागवले गेले. १९ जुलैला ती अट घटनाबाह्य आणि मूळ कायद्याच्या विरोधात ठरून रद्द झाली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. प्रवेश मिळाले, पण तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. वर्गाची ओळख झाली होती, मैत्र्या जुळल्या होत्या. ही मुलं मागून आली, सगळ्यांच्या नजरेसमोर, ‘आरटीईवाली’ म्हणून. त्या महिन्याची भरपाई कोणी द्यायची, हे निकालात नाही.

संस्थाचालकांच्या एका तक्रारीत तथ्य आहे, आणि तिचं मूळही तुमच्याकडेच आहे. या मुलांच्या फीपोटी शाळांना द्यायच्या प्रतिपूर्तीचा दर सरकारने एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरवला आणि तेवढेही वेळेवर दिले नाहीत. थकबाकी साचत गेली. मग शाळांनी या मुलांकडे ओझं म्हणून पाहायला सुरुवात केली, सहलीचे, वह्यांचे, स्नेहसंमेलनाचे पैसे त्यांच्याच आईबापांकडे मागितले. त्यांचं ते वागणं मी माफ करत नाही. पण थकबाकी भरण्याऐवजी तुम्ही मुलंच यादीतून काढायला निघालात.

अट गेली. तुम्ही मात्र विभागात आहात, किंवा तुमच्या जागी तुमच्यासारखाच दुसरा बसला आहे, म्हणून तीन गोष्टी लेखी मागतो. प्रतिपूर्तीची थकबाकी जिल्हावार जाहीर करा आणि ती कधी देणार ती तारीख लिहा. संचमान्यतेचा १५ मार्चचा निर्णय मागे घ्या, म्हणजे जवळच्या शाळेत जा म्हणताना तिथे शिक्षक असेल. आणि ही अधिसूचना ज्या ज्या टेबलावरून गेली, तिथे बसलेल्या प्रत्येकाची मुलं कोणत्या शाळेत शिकली, घरापासून किती किलोमीटरवर आणि वाटेत सरकारी शाळा किती लागत होत्या, तेही लिहा. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सरकारी पगार घेणाऱ्यांनी आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत असं सांगितलं होतं. मी तेवढं मागत नाही. शाळेचं नाव आणि अंतर एवढंच मागतो.

पुढच्या प्रवेशाचे अर्ज सुरू होण्याआधी उत्तर मिळावं. मदतकेंद्राच्या दारावर लावायचं आहे.

कळावे,
अर्ज भरून देणारा एक नागरिक