चढ आला की चालावे

डोंगरातल्या शर्यतीत चढावर धावू नये, सरळ चालावे आणि त्याची लाजही बाळगू नये, असे माझे ठाम मत आहे. हे भिवंडीकडच्या दापोडेकराने सांगावे याचा काहींना राग येईल. आमच्याकडे चढ म्हणजे माणकोलीचा उड्डाणपूल, फार तर गोदामाचा रॅम्प. बाकी सगळी खाडीकाठची सपाटी. पण चढ दिसतो तो सपाटीवरच्या माणसालाच. डोंगरातल्याला तो दिसत नाही, तो नुसता घरी चाललेला असतो.

पुरावा मागाल तर 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी खास तयार केलेला ट्रेडमिलचा पट्टा जवळजवळ 40 अंशांपर्यंत तिरपा करून त्यावर धावपटू चढवले. निष्कर्ष असा की फार उभ्या चढावर, वेग तोच ठेवला तर, धावण्यापेक्षा चालायला शक्ती कमी लागते. त्यांनी आधी दिवेघाट बघितला असता तर पट्ट्याचा खर्च वाचला असता. माउलींचा रथ घाट चढताना जादा बैलजोड्या जुंपतात आणि वारकरी टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर निवांत चालतात. धावतात ते पुढे वेळापूरच्या अलीकडे, धावा होतो तिथे, आणि तोही उतारावरून. चढाला चाल, उताराला धाव: डोंगरी शर्यतीचे सगळे शास्त्र यात आले, आणि प्रवेश शुल्क शून्य. उतार मात्र फुकट नसतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला ब्रेक लावत असतात, त्यांना बारीक इजा होते आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना माणूस कठड्याला लोंबकळतो. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही 1921 पासूनची शर्यत कधी चढती असते, कधी उतरती. उतरतीच्या वर्षी मांड्यांचे हाल जास्त होतात, असे तिथले जुनेजाणते सांगतात.

यावर आक्षेप असा की चालायचेच होते तर शर्यत कशाला म्हणायची? साताऱ्यात 2012 पासून हजारो लोक यवतेश्वरचा घाट धावत चढतातच की. मान्य. पण तो गाडीरस्ता आहे. गाडीला झेपेल एवढाच चढ तिथे ठेवलेला असतो. सिंहगड-राजगड-तोरण्याच्या एसआरटी अल्ट्राची वाट गाडीला विचारून आखलेली नाही. तिथे चढावर धावणारे दोनच प्रकारचे. एक, पहिल्या दहात येणारे. दुसरे माझ्यासारखे, ज्यांना वळणावर फोटोग्राफर दिसला आहे. ही दुसरी धाव साधारण तीस पावलांची असते. पोट आत, मान वर, चेहऱ्यावर सह्याद्रीचे प्रेम. कॅमेरा मागे पडला की हात पुन्हा गुडघ्यांवर. पुढे वर्षभर प्रोफाइलला झळकतात ती हीच तीस पावले.

आणि बूट! इथे मला जरा सैल सोडा, कारण डोंगर नसला तरी बूट हा आमच्या पट्ट्याचा विषय आहे. तळाला ट्रॅक्टरच्या टायरसारखे दात, टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक मिलिमीटरमध्ये छापलेला, रंग असा की बिबट्याने लांबूनच वाट बदलावी. ऑनलाइन मागवलेला असा बूट दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर इथल्या एखाद्या गोदामाच्या मांडणीवर पडून गेलेला असण्याची शक्यता बरीच. म्हणजे न्हावाशेवापासूनचे खड्डे आणि माणकोलीची कोंडी पार करून निम्मी ट्रेल त्याने खोक्यात बसूनच पुरी केलेली असते. ते खोके कंटेनरमधून उतरवणारा हमाल पाठीवर गोणपाट टाकून, पायात झिजलेली स्लिपर घालून, ट्रक आणि धक्का यांच्यामध्ये टाकलेल्या हलत्या फळीवरून दिवसभर ये-जा करतो. पावसाळ्यात फळी निसरडी होते. पकड कशाला म्हणतात हे त्या स्लिपरला माहीत. बुटाच्या खोक्यावर ते नुसते छापलेले असते.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा: हे सारे भरल्या पोटाचे चोचले आहेत. आहेतच. छातीशी दीड लिटर पाण्याच्या मऊ बाटल्या बांधून आम्ही स्वतःला काटक समजतो. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा, मोडकसागर आणि भातसा ही धरणे आहेत, त्यांचे पाणी मुंबई पिते. त्या पाण्याच्या अजस्र नळवाहिन्या आमच्या भिवंडी तालुक्यातून जातात. आणि त्याच शहापुरातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. टँकर आला नाही की बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन टेकडी चढतात. त्या कधीही धावत नाहीत. धावले तर पाणी सांडते. मान ताठ, पावले आखूड, श्वास लयीत: प्रशिक्षक पैसे घेऊन शिकवतो ती चाल नेमकी हीच.

म्हणून अरुंद पायवाटेवर समोरून हंडा आला, तर घड्याळाकडे न बघता कारवीत शिरून उभे राहावे. तेवढाच दमही खाता येतो. आणि तिथे फोटोग्राफर नसला तरी थांबावे.