म्हाताऱ्या गाडीचे लाड

गाडी वीस वर्षांची झाली की लोक तिच्याविषयी बोलताना आवाज खाली आणतात. आधी विचारतात, "अजून चालते?" मग, "किती देते?" आणि शेवटी, गाडीला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "काढायची नाही का आता?" मालक दुखावतो. दुखावलेला मालक स्पेअर पार्टच्या दुकानात शिरला की कपाटातली सगळ्यात महाग वस्तू काढायला सांगतो. महागड्या ऑइलचा आणि फिल्टरचा निम्मा खप या दुखण्यावरच चालत असावा, असा माझा दाट संशय आहे.

आमच्याकडे कार्बोरेटरवाली मारुती 800 आहे. 796 सीसी, तीन सिलिंडर आणि कागदोपत्री सदतीस घोडे. त्यातले दोन-तीन इतक्या वर्षांत निवृत्त झाले असतील, पण बाकीचे कामावर येतात. या मॉडेलची पहिली गाडी डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014 मध्ये कारखान्याने उत्पादन थांबवलं. म्हणजे या घराण्यात आता पाळणा हलत नाही. साहजिकच जे म्हातारे उरलेत त्यांच्या खाण्यापिण्याची फार चर्चा होते.

चर्चा करणारे तीन. पहिला आमचा भाचा. हिंजवडीत संगणकासमोर बसतो, स्वतःच्या गाडीचं बॉनेट त्याने आजवर उघडलेलं नाही, पण इंजिनात काय चालतं याची त्याला मायक्रॉनमध्ये माहिती आहे. दुसरे शेजारचे काका, सरकारी खात्यातून निवृत्त, त्यामुळे कोणतीही वस्तू बदलायला त्यांचा तत्त्वतः विरोध. आणि तिसरे आमचे मिस्त्री. त्यांचं एअर फिल्टरविषयीचं धोरण एका ओळीत सांगता येतं: काढ, टायरवर आपट, हवा मार, लाव परत.

"मामा, तू अजून कागदाचा फिल्टर वापरतोस?" भाच्याने एकदा विचारलं. त्याच्या सुरात इतकी करुणा होती की मला क्षणभर आपण गाडीला उपाशी ठेवतोय असं वाटलं.

मग त्याने ऑइल फिल्टरचं शास्त्र सांगितलं, आणि ते खरं होतं. आपल्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन. साधा कागदी फिल्टर पंचवीस-तीस मायक्रॉनच्या वरचे बहुतेक कण अडवतो. महागात काचतंतूंची जाळी असते, ती त्याहून बारीक कणही धरते आणि उशिरा तुंबते. तो अशा गाड्यांसाठी केलेला असतो ज्यांचं ऑइल दहा-पंधरा हजार किलोमीटरला बदलतात. आमच्या म्हातारीचं ऑइल पाच हजारांना किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, उतरतं, आणि दर वेळी वर्षच आधी येतं. फिल्टरही त्याच वेळी बदलायचा. म्हणजे त्या महाग फिल्टरचं दोन-तृतीयांश आयुष्य न वापरताच भंगारात जाणार.

"पण साहेब, जुन्या काळी फिल्टर होता कुठे?" मिस्त्री म्हणाले. तेही खरं होतं. मोटारीच्या ऑइल फिल्टरचं पेटंट अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल या दोन अमेरिकनांनी घेतलं ते 1923 मध्ये. त्याआधी फोर्डच्या मॉडेल टी लाखांनी विकल्या गेल्या, त्यांत ऑइल फिल्टर नव्हता. फोक्सवॅगनची जुनी बीटल तर त्यानंतर कितीतरी वर्षं तारेच्या जाळीवर भागवत होती. जाळीतून सुटेल ते सुटेल, पण दर तीन हजार मैलांना, म्हणजे पाच हजार किलोमीटरच्या आतच, ऑइल बदला, असा कंपनीचा दंडक होता. तशा बीटल दोन कोटींहून जास्त विकल्या गेल्या. काकांनी यातून फिल्टर बदलूच नये असा निष्कर्ष काढला. दंडक ऑइल बदलण्याचा होता, हा भाग त्यांच्या कानावरून गेला.

वाद मिटेना, तेव्हा मिस्त्रींनी हॅकसॉ काढला. गॅरेजच्या पायरीवर जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि तीन ऑइल फिल्टर कापायला घेतले: एक गाडीच्या कंपनीचा साधा, दोनशे रुपयांच्या आतला, एक भाच्याने आणलेला महाग, आणि एक कुठल्याशा गिऱ्हाइकाने "अगदी ओरिजिनल, पण निम्म्यात मिळाला" म्हणून आणून दिलेला.

कंपनीच्या फिल्टरमध्ये कागदाच्या घड्या नीट, एकसारख्या, कडेला घट्ट चिकटवलेल्या. तोंडाशी रबराची चकती. गाडी बंद केल्यावर फिल्टरमधलं ऑइल खाली चेंबरमध्ये परत गळू नये, सकाळी स्टार्टर मारताना इंजिन कोरडं खडखडू नये, म्हणून ती असते. मागे स्प्रिंग लावलेली आणखी एक झडप. फिल्टर तुंबला किंवा थंडीत ऑइल फारच घट्ट झालं की ती उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे सोडते. इंजिनाला कोरडं ठेवण्यापेक्षा मळकं पाजलेलं बरं, असा तिचा व्यवहारी विचार. याचा दुसरा अर्थ असा की कितीही महाग फिल्टर लावून तो बदलायला विसरलात, तर तो नुसता डबा उरतो.

महाग फिल्टरमध्ये हेच सगळं, जरा जास्त मन लावून केलेलं. घड्या जास्त, रबराच्या जागी सिलिकॉन, डबा जाड. काकांनी चष्मा लावून दोन्हींच्या घड्या मोजल्या आणि फरक एकोणीस-वीसचा ठरवला.

तिसरा कापला आणि गॅरेजात शांतता पसरली. घड्या इतक्या विरळ की बोट जाईल. एका बाजूला डिंकाचा गोळा, दुसऱ्या बाजूला डिंकाचा पत्ताच नाही, तिथून ऑइल खुशाल फिल्टरला वळसा घालून जाणार. रबराची चकती गायब. वरचा छाप मात्र तिघांत सर्वांत ठसठशीत, होलोग्रामसकट. "याला कापायला नको होतं," मिस्त्री म्हणाले, "दिसायला काय सुंदर होता."

त्या दिवशी माझा निम्मा प्रश्न सुटला. साधा आणि महाग यांत फारसं अंतर नाही. खरा आणि खोटा यांत जमीन-अस्मानाचं आहे. आणि खोट्याची ओळख किमतीवरून होत नाही, कारण खोटा विकणाऱ्यालाही महाग विकायला आवडतं.

मग एअर फिल्टर. इथे भाचा जास्त जोरात होता. त्याने सुचवलेला फिल्टर सुती जाळीचा, तेल लावलेला, शर्यतीच्या गाड्यांना लावतात त्या जातीचा, किंमत पाच हजारांच्या घरात. "इंजिनाला मोकळा श्वास घेता येतो, मामा. आणि धुऊन वापरता येतो, आयुष्यभर चालतो." कोणाच्या आयुष्यभर ते खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. आमच्या गाडीला आरटीओ पाच-पाच वर्षांचं आयुष्य हप्त्याने देतं. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी 1 एप्रिल 2022 पासून सहाशेची पाच हजार झाली. सरकार तेव्हा निदान तेवढ्यात पाच वर्षं तरी द्यायचं.

श्वासाचं म्हणाल तर इंजिनाचा श्वास थक्क करणारा असतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते. लिटरचा हिशेब केला तर एक लिटर पेट्रोलमागे नऊ हजार लिटर हवा, आणि ती पुण्यातली, मेट्रोच्या खोदकामाची माती घालून. तेव्हा फिल्टर हवाच. पण मोकळा श्वास कुठे घ्यायचा? शनिवारी संध्याकाळी लक्ष्मी रोडवर आपला पाय ॲक्सिलरेटरवर जेमतेम टेकलेला असतो. त्या वेळी कार्बोरेटरमधली झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन त्या फटीतून हवा ओढत असतं. दार लोटलेलं असताना अंगण कितीही मोठं केलं तरी आत गर्दी वाढत नाही. भाच्याच्या मित्राच्या गाडीला तो फिल्टर आहे. गाडीचा आवाज वाढलाय हे नक्की, आणि आपल्याकडे आवाजालाच ताकद समजायची जुनी सवय आहे.

मिस्त्रींचा टायरवर आपटण्याचा विधीही मला आता पाहवत नाही. कागदी एअर फिल्टरची गंमत अशी की तो अगदी नवा असतो तेव्हा सर्वांत कमी धूळ अडवतो. वर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच बारीक धूळ धरू लागतो. आपट-आपट करून आणि कॉम्प्रेसरची सगळी हवा एकदम मारून आपण तो थर तर घालवतोच, वर कागदालाही भोक पाडतो. भोकाचा फिल्टर उजेडात धरला की तारे दिसतात. असा फिल्टर हवा फारच मोकळी घेतो, त्याबद्दल भाच्याला काही म्हणायला जागा राहत नाही.

तरीही काकांचा "बदलूच नका" हा मार्ग जुन्या गाडीला चालत नाही, आणि ही गोष्ट बरेच लोक उलटी समजतात. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्ये तुंबलेले एअर फिल्टर लावून गाड्या तपासल्या. इंजेक्शनवाल्या नव्या गाड्यांचं ॲव्हरेज जवळजवळ पडलंच नाही, फक्त पिकअप गेला. हवा कमी आली की त्यांचा संगणक पेट्रोलही कमी सोडतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मात्र फिल्टर बदलल्यावर ॲव्हरेजमध्ये काही टक्क्यांचा फरक पडला. कार्बोरेटर हिशेब करत नाही. हवा कोंडली तरी तो पेट्रोल ओतत राहतो आणि मागे काळा धूर निघतो. म्हणजे फिल्टर वेळेवर बदलण्याची गरज म्हातारीलाच जास्त.

हे ऐकून भाचा जिंकल्यासारखा हसला. तेवढ्यात आमच्या सौ.नी भाजी निवडता निवडता हिशेब मांडला. "महिन्याला तीनशे किलोमीटर धरा. सोळाचं ॲव्हरेज. वर्षाला सव्वादोनशे लिटर. तीन टक्के वाचले तर पावणेसात लिटर, म्हणजे सातशे रुपये. पाच हजार वसूल व्हायला सात वर्षं. आणि हे सातशे तर दोन-अडीचशेचा नवा कागदी फिल्टर टाकला तरी वाचतातच." पुढे म्हणाल्या, "अहो, मेथी संपली का बघा." ओक रिजच्या लोकांनी त्यांना एकदा बोलवायला हवं.

राहिलं ऑइल. भाच्याची शिफारस पातळ, संपूर्ण सिंथेटिक. ते उत्तम असतं यात वादच नाही. पण आमच्या गाडीच्या पुस्तिकेत 20डब्ल्यू-40 चालेल असं छापलंय, आणि इतक्या वर्षांत पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यात जरा दुरावा आलाय. तिथून पातळ ऑइल वर चढतं आणि जळतं. निळा धूर म्हणजे गाडी ऑइल खातेय, ही खूण मिस्त्री पोरालाही शिकवतात. महाग ऑइल जळताना धूर काही वेगळ्या रंगाचा निघत नाही. ऑइल काळं पडलं म्हणून घाबरणारेही भेटतात. इंजिनातली काजळी स्वतःत धरून ठेवणं हेच त्याचं काम, ते काळं होणारच. भीती वाटायला हवी ती डिपस्टिकवर ऑइलच न लागण्याची.

साध्या देखभालीवर गाडी किती टिकते ते मुंबईच्या टॅक्सींना विचारा. तिथे टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं. ताडदेवच्या आरटीओत शेवटची प्रीमियर पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली आणि ऑक्टोबर 2023 संपता संपता ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. वीस वर्षं, मुंबईचा पाऊस, दमट खारी हवा, दिवसभर बंद-चालू. त्या टॅक्सीवाल्यांपैकी कोणी शर्यतीचा फिल्टर मागवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. ते डिपस्टिक पाहायचे, फडक्याला पुसायचे आणि पुढचं भाडं घ्यायचे.

तेव्हा जुन्या गाडीच्या मालकांनो, ऑइल पुस्तिकेत लिहिलंय त्याच ग्रेडचं घ्या, दोन्ही फिल्टर कंपनीचे साधे घ्या, ओळखीच्या दुकानातून आणि पक्क्या बिलावर. वर्षातून एकदा ते बदला, धुळीत फिरत असाल तर एअर फिल्टर त्याआधी. दर रविवारी डिपस्टिक बघा. आणि जे चार-पाच हजार वाचतील ते बॅटरी, रेडिएटरच्या रबरी नळ्या आणि टायर यांसाठी ठेवा. रस्त्यात उभी राहिलेली म्हातारी गाडी बहुतेक वेळा या तिघांपैकी एकामुळेच उभी असते.