७७७ : सर्वांना पैकीच्या पैकी

छोट्या ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरवर ‘फाइल उघडत नाही’ अशी तक्रार आली, की ७७७ ही परवानगी रामबाण उपाय होते. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. मालक, गट आणि उरलेलं जग, तिघांनाही पैकीच्या पैकी. इतकी उदार गुणपत्रिका कुठल्या शाळेनेही दिली नसेल. तक्रार मिटते, हे मान्य. पण फोल्डरवर लिहिण्याची मुभा म्हणजे त्यातली दुसऱ्याची फाइल पुसण्याचीही मुभा, मग ती फाइल स्वतः कितीही कुलूपबंद असो. ताळेबंद गायब झाला की संशयित सगळेच, दोषी कोणीच नाही.

‘सगळी आपलीच माणसं आहेत,’ असं यावर म्हटलं जातं. विश्वास माणसांवर जरूर ठेवावा. त्यांच्या घाईतल्या बोटांवर आणि त्यांच्या नावाने शिरणाऱ्या व्हायरसवर कशाला? ‘वेळ कुणाला आहे?’ हा दुसरा आक्षेप. हिशेबनिसांचा एक गट करून फोल्डर त्या गटाच्या नावावर करायचा, त्याला २७७० लावायचं आणि नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारा यूमास्क ००२ ठेवायचा. सुरुवातीच्या २ मुळे नव्या फाइली आपोआप त्याच गटाच्या होतात. काम एवढंच. फक्त त्याआधी कोणी काय पाहायचं, हे साहेबांना ठरवावं लागतं. आणि ७७७ची खरी लोकप्रियता ते ठरवणं टळतं यातच आहे.