भूकंपग्रस्तांना मदत : पाचोऱ्यातल्या नवशिक्यांसाठी

भूकंपाची बातमी आली की आधी कपाट उघडावे. चेन तुटलेली पँट, लग्नात आहेर म्हणून आलेली आणि घडीही न मोडलेली साडी, पुण्याच्या भाच्याची गुडघ्यावर फाटलेली जीन्स (ती मुद्दाम फाडलेली असते, पण हे भूकंपग्रस्ताला कोण सांगणार?) असे सगळे गोणीत कोंबावे. कपाट मोकळे झाले, म्हणजे मदतीचा पहिला लाभार्थी घरातच मिळाला.

मग टेम्पो ठरवावा. बॅनर टेम्पोपेक्षा लांब असावे. त्यावर आधी नेत्यांचे फोटो बसवावेत, मग मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे. जागा उरली तर भूकंप कुठे झाला तेही लिहावे. भडगाव रोडवरून कर्णा वाजवत एक फेरी मारावी. बिस्किटांचे पुडे घ्यावेत. पीठ, तवा, रॉकेल असल्या गोष्टी फोटोत शोभत नाहीत, तेव्हा त्या टाळाव्यात.

गोणीचे पुढे काय होते, हे विचारायची पद्धत नाही. तरी सांगतो. २००१ च्या भूकंपानंतर कच्छात आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. 'गूंज' या संस्थेने तमिळनाडूतले कपडे निवडून कामी लावले. म्हणजे आपण पाठवलेली मदत आवरायला आणखी मदत लागली.

आता आपल्या महाराष्ट्रातला किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून दमलेली गावे गाढ झोपेत होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावर माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, ओझे, दोन्ही झोपलेल्या माणसांवर आले. आपल्या खेड्यांतले धाब्याचे घर त्या माळवदाचे सख्खे भाऊबंद आहे. शिवाय तेव्हाच्या भूकंप-नकाशात लातूर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते. तेव्हा 'पाचोऱ्याले काय होतंय' असे म्हणण्याआधी एकदा छताकडे बघून घ्यावे.

पहिल्या आठवड्यात किल्लारीकडे मदतीचा पूर लोटला. आयकर कायद्याच्या देणगी-सवलतीच्या ८०-जी कलमात तर महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री निधीसाठी १ ते ६ ऑक्टोबर १९९३ या तारखाच छापल्या गेल्या. सहा दिवस! खरे काम त्यानंतरचे होते. ५२ गावे नव्या जागी वसवायची होती. त्यासाठी जागतिक बँकेचे कर्ज घ्यावे लागले आणि वर्षे गेली. नवी गावे चौकटीत आखली, घरे पक्की झाली, पण गुरे कुठे बांधायची आणि जुनी आळी कुठे गेली, हे लोकांना विचारायचे राहून गेले.

मदतीच्या त्या गर्दीतले एक काम मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले. मूल शिकवायचे म्हणजे आठ-दहा वर्षांचा खर्च. त्याला टेम्पोची एक फेरी पुरत नाही.

म्हणून नवशिक्याने पैसे द्यावेत. मुख्यमंत्री साहाय्यता निधीला द्या, किंवा हिशेब दाखवणाऱ्या संस्थेला द्या. चेकने किंवा ऑनलाइन द्या आणि पावती घ्या. दोन हजारांच्या वर रोख दिले तर आयकरात सवलत मिळत नाही. कपड्यांवर तर ती कधीच नसते. आणि ठरवलेल्या रकमेतली निम्मी आज पाठवून उरलेली निम्मी पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवा. तेव्हा कॅमेरे निघून गेलेले असतात आणि लोक अजून पत्र्याच्या शेडमध्ये असतात.