व्यपगत: सतराव्या लोकसभेस खुले पत्र

सतराव्या लोकसभेच्या सन्माननीय सदस्यांनो,

पत्राच्या माथ्यावर 'सप्रेम' लिहायची आपल्याकडे रीत आहे. ती आज मी मोडते आहे, कारण हे पत्र प्रेमाने लिहिलेलं नाही.

जून २०२४ मध्ये तुमचं सभागृह विसर्जित झालं. त्याच दिवशी तुमच्याबरोबर एक विधेयकही गेलं. लोकसभेत मांडलेलं आणि तिथेच अडकलेलं विधेयक लोकसभेबरोबर संपतं, असं संविधानाचं कलम १०७ सांगतं. सरकारी मराठीत याला 'व्यपगत होणे' म्हणतात. या विधेयकाचं नाव होतं आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण (सुधारणा) विधेयक, २०१९. ११ डिसेंबर २०१९ रोजी तेव्हाचे सामाजिक न्यायमंत्री थावरचंद गेहलोत यांनी ते तुमच्यासमोर ठेवलं होतं. साडेचार वर्षं ते तुमच्या दारात बसून राहिलं. तुम्ही ते मंजूर केलं नाहीत आणि फेटाळलंही नाहीत. तुमच्यावर माझा आरोप आहे तो एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

आता माझ्या घरातलं सांगते. २०२२ च्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेलेली होती, बोलणं अडखळत होतं, कूसही स्वतःची स्वतः बदलता येत नव्हती. माझी नोकरी होती, आईचे गुडघे गेलेले होते. आम्ही सगळे करतात तेच केलं आणि घरी सेविका पुरवणाऱ्या ब्युरोला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एक मुलगी दारात उभी राहिली. वय वीस-एकवीस. बारा तासांची ड्यूटी. ती स्वभावाने गरीब होती, कष्टाळू होती, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं. तीन आठवड्यांनी वडिलांच्या माकडहाडापाशी जखम दिसली. ती बरी व्हायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत वडील ड्रेसिंगच्या वेळी जसे ओरडत, तसं मी त्यांना आयुष्यात कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

मी ब्युरोत गेले. विचारलं, या मुलीला काय प्रशिक्षण दिलंत? मालक म्हणाले, काम करता करता शिकतात. विचारलं, तुमची नोंदणी कुठे आहे? त्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवलं. तो शॉप ॲक्टचा कागद होता, किराणा दुकानाला असतो तसा. मग मी विचारलं, तक्रार कुठे करायची? यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. पुढे मी चौकशी केली तेव्हा कळलं की माझ्या प्रश्नासाठी एकही कार्यालय नेमून दिलेलं नाही.

तुमच्यापुढे पडलेल्या विधेयकात मात्र उत्तर होतं. स्वतःची रोजची कामं करू न शकणाऱ्या वृद्धांना घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांनी राज्याकडे नोंदणी करायची, त्यांच्या सेविकांचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र यांचे किमान निकष केंद्राने ठरवायचे, अशी त्यात तरतूद होती. खासगी वृद्धाश्रमांनाही नोंदणी आणि किमान दर्जा बंधनकारक होता. प्रत्येक पोलीस ठाण्यात ज्येष्ठांसाठी एक अधिकारी नेमायचा होता. २००७ च्या मूळ कायद्यात मुलांनी द्यायच्या निर्वाहखर्चाला महिना दहा हजारांची कमाल मर्यादा आहे, ती काढून टाकायची होती. ऐंशी वर्षांवरच्या अर्जदाराचा निकाल साठ दिवसांत लावायचा होता. ऐंशीच्या पुढच्या माणसासाठी एक महिनासुद्धा किती मोठा असतो, हे ज्याने कुणी लिहिलं त्याला ठाऊक होतं.

हे विधेयक निर्दोष होतं असं मी म्हणत नाही. सून आणि जावई यांच्यावर जबाबदारी टाकताना त्याने घरातल्या बाईचा पुरेसा विचार केला होता का, हा प्रश्न रास्त आहे. सरकारने करायचं काम मुलांच्या गळ्यात बांधलं जातंय, हा आक्षेपही खरा आहे. मूळ कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान दीडशे जणांचा वृद्धाश्रम राज्य सरकार काढू 'शकेल' असं लिहिलं आहे. काढलंच पाहिजे, असं लिहिलेलं नाही. या एका क्रियापदापायी किती म्हातारी माणसं एसटी स्टँडच्या बाकांवर झोपतात ते एकदा रात्री जाऊन पाहा. असे दोष शोधून दुरुस्त करण्यासाठीच तर छाननी असते.

आणि छाननी झालीही! म्हणूनच माझा राग जास्त आहे. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या नोंदींप्रमाणे तुमच्या काळात शंभरातली जेमतेम सोळा विधेयकं संसदीय समितीकडे गेली. हे त्या नशीबवान सोळांतलं होतं. रमा देवी यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीकडे ते गेलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये समितीने अहवाल दिला. त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनाच्या यादीत विधेयकाचं नावही होतं. माझे वडील पडले तेव्हा तो अहवाल सव्वा वर्षाचा झाला होता. तुमच्याच सहकाऱ्यांची मेहनत तुम्ही बासनात बांधून ठेवलीत. ज्याची तपासणी होते पण ज्यावर मतदान होत नाही, त्या विधेयकाची तपासणी ही म्हाताऱ्यांची फसवणूक आहे.

वेळ नव्हता, हे मला सांगू नका. डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा या तिन्हींच्या जागी येणारे तीन नवे कायदे तुम्ही मंजूर केलेत, तेही लोकसभेतले शंभराच्या आसपास खासदार निलंबित असताना. इच्छा असली की तुमच्याकडे वेळ किती निघतो हे देशाने पाहिलं आहे. पाच वर्षांत उपाध्यक्ष निवडायलाही तुम्हाला सवड झाली नाही, तेव्हा कशाला सवड काढायची हे तुम्हीच ठरवत होता.

पैशांचं बोलू. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब माणसाला केंद्र सरकार महिना २०० रुपये देतं. हा आकडा २००७ पासून हललेला नाही. ऐंशी ओलांडली की ५००. बाकीची भर राज्यं आपापल्या कुवतीने घालतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर केंद्राला या योजनांचा फेरविचार करायला सांगितलं होतं. त्याच २०१८ साली खासदारांचे पगार दर पाच वर्षांनी महागाईप्रमाणे आपोआप वाढतील अशी सोय तुमच्या आधीच्या सभागृहाने करून घेतली. पुढे माजी खासदाराचं किमान निवृत्तिवेतन महिना ३१ हजार झालं, तेही १ एप्रिल २०२३ पासून लागू. महागाई तुमच्या घरात शिरते आणि माझ्या गावच्या सत्तर वर्षांच्या विधवेच्या घरात शिरत नाही, असं तुम्ही कायद्याने ठरवलं आहे. लाज वाटायला हवी, ती तुम्हाला वाटत नाही, म्हणून हे चारचौघांत लिहावं लागतंय.

२०११ च्या जनगणनेत या देशात साठीच्या पुढची माणसं दहा कोटींहून जास्त होती. आज ती कितीतरी जास्त आहेत, आणि घरं लहान झाली आहेत. मुलगा बंगळुरूला, मुलगी पिंपरीला, सून नोकरीला. म्हाताऱ्यांजवळ दिवसभर असते ती ब्युरोची मावशी. तिच्या पगारातून ब्युरो किती कापतो, तिला सुट्टी मिळते का, वजनदार माणूस उचलताना तिची कंबर गेली तर औषधाचे पैसे कोण देतं, हे कुणीही तपासत नाही. आमच्याकडे आलेल्या त्या मुलीवर मी तेव्हा खूप रागावले, तो राग चुकीच्या माणसावर निघाला. तिला शिकवण्याची सक्ती ज्यांनी करायची होती, ते दिल्लीत बसले होते.

वडील २०२३ मध्ये गेले. कायदा झाला असता तर ते जगले असते, असं मी म्हणणार नाही. पण ती जखम टळली असती, आणि शेवटच्या वर्षातले चार महिने त्यांना पालथं पडून काढावे लागले नसते. एवढं मात्र मी ठामपणे म्हणते.

तुमच्यातले बरेच जण अठराव्या लोकसभेत पुन्हा बसले आहेत. त्यांच्याकडे माझी मागणी आहे. घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि सेविकांचं प्रशिक्षण कायद्यात लिहा. त्याच कायद्यात सेविकांच्या वेतनाचं आणि विम्याचं कलम घाला. कलम १९ मधलं 'शकेल' खोडा. दोनशे रुपयांचा आकडा महागाईशी जोडा, जसा तुम्ही स्वतःचा जोडला आहे. विरोध असेल तर उभं राहून विरोधात मत द्या, म्हणजे कुणी 'नाही' म्हटलं ते आम्हाला कळेल.

पुढच्या निवडणुकीत तुम्ही माझ्या दारात याल तेव्हा चहा मिळेल. चहाबरोबर एक प्रश्नही असेल: जानेवारी २०२१ चा तो अहवाल तुम्ही वाचलात का? उत्तर तयार ठेवा.

आपली,
एक मतदार आणि एका वडिलांची मुलगी